नोकरी लागते, मन केव्हा लागते?

आपल्या झाडीपट्टीत घरातील मुलाला किंवा मुलीला नोकरी मिळाली म्हणजे ‘नोकरी लागली’ असे म्हणण्याची रीत आहे. बातमी गावभर होते, विहारात वंदना होते, नातेवाइकांकडे पेढे जातात. ‘लागणे’ या क्रियापदाचा आणखी एक उपयोग आपल्या भाषेत आहे, तो म्हणजे मन लागणे. नोकरी लागण्याचा आनंद एका दिवसाचा असतो. मन लागण्याचा प्रश्न पुढची तीस-पस्तीस वर्षे सोबत राहतो. नोकरी लागली म्हणून मन लागतेच असे नाही, आणि मन लागले नाही म्हणून माणूस नोकरी सोडू शकतो असेही नाही. घरात पहिल्यांदाच पगार आलेला असतो, धाकट्यांचे शिक्षण व्हायचे असते, आईबाबांचे औषधपाणी असते. मग माणूस हजेरीपटावर सही करतो आणि मनाने मात्र गैरहजर राहतो.

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज अनेक ठिकाणी काम करीत आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, कोणी एस.टी.त वा रेल्वेत, कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, कोणी गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात, तर कोणी पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत. काही जण आता अशा पदांवर पोहोचले आहेत की त्यांच्या हाताखाली दहा-वीस माणसे काम करतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासमोर दोन बाजूंनी उभा राहतो. आपले मन कामात का लागते वा लागत नाही? आणि आपल्या हाताखालच्या माणसाचे मन लागावे यासाठी आपण काय करतो?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. ‘पगार वाढवा, काम होईल’, हे एक. ‘माणूसच कामचुकार आहे, त्याला काय करणार’, हे दुसरे. पहिले उत्तर अपुरे आहे. दुसरे तर आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे या उत्तरांची परीक्षा पुराव्यावर करू इच्छितो, आणि त्यासाठी लागणारा पुरावा फार दूर नाही. तो नागपूरच्या गिरणीत आहे, भंडारा जिल्ह्यातील बिडीच्या सुपात आहे, परमपूज्य बाबासाहेबांच्या लेखनात आहे आणि तथागतांच्या एका सुत्तातही आहे.

एम्प्रेस मिलचा धडा

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात तिची कापडगिरणी सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’ ठेवले गेले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस जवळ होता, रेल्वे आलेली होती; कामगार मात्र नवे होते. पिढ्यान्‌पिढ्या शेतीच्या हंगामानुसार जगलेल्या माणसाला भोंग्याच्या आवाजावर उठण्याची सवय नव्हती. रोज मोठ्या संख्येने माणसे गैरहजर राहत आणि यंत्रे रिकामी पडत.

त्या काळातील पुष्कळ गिरणीमालकांचे यावरचे निदान ठरलेले होते : येथला माणूस आळशी आहे. उपायही ठरलेला होता : दंड करा, मजुरी कापा. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई यांनी वेगळी वाट धरली. बेझनजी हे रेल्वेतील नोकरीचा अनुभव घेऊन आलेले होते. कापडाच्या धंद्याचे नव्हते. नियमित येणाऱ्या आणि चांगले काम करणाऱ्या कामगारांना समारंभपूर्वक बक्षिसे देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. गिरणीतील हवा खेळती राहावी, आग लागल्यास पाण्याचे फवारे सुरू व्हावेत, अशी यंत्रणा बसवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला. १८९५ पासून कामावर अपघात झालेल्या कामगारांना भरपाई देण्यास सुरुवात झाली. अपघाताच्या भरपाईचा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी.

येथे आम्हास कोणाचे स्तुतिपाठ गायचे नाहीत. गिरणी नफ्यासाठी होती आणि तिने नफा भरपूर मिळवला. कामगाराला कारभारात आवाज नव्हता. त्या काळी कामाचे तास किती असावेत यावर प्रौढ पुरुष कामगाराच्या बाबतीत कायद्याचे बंधनच नव्हते. कापडगिरण्यांत दिवसाला १२ तासांची मर्यादा आली तीच मुळी १९११ च्या कायद्याने. तरीही या उदाहरणातून एक गोष्ट निर्विवादपणे निघते. ज्या गैरहजेरीला मालकवर्ग ‘स्वभाव’ म्हणत होता, ती स्वभावाची गोष्ट नव्हती. उद्या हात यंत्रात सापडला तर घरी चूल पेटेल काय, म्हातारपणी कोण विचारील, आपले चांगले काम कोणाच्या लक्षात येते काय, हे प्रश्न त्या माणसाच्या मनात होते. या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली की माणूस कामाला धरून राहतो. मन लागण्याची पहिली पायरी म्हणजे भयमुक्तता. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले, तेव्हा ही पायरी किती मोलाची आहे हे आपल्या जिल्ह्याने पुन्हा एकदा अनुभवले.

सुपातील बिडी आणि बाबू हरदास

आता नागपूरहून आपल्या गावी येऊ. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तोपर्यंतच्या अखंड भंडारा जिल्ह्यात बिडी हा हजारो घरांचा आधार होता. तेंदूपत्ता येथल्याच जंगलातला, तंबाखू बाहेरून आलेला आणि हात आपल्या आयाबहिणींचे. मांडीवर सूप, हातात कैची, पत्र्याच्या फर्म्याने कापलेले पान, चिमूटभर तंबाखू, वळलेली बिडी आणि वर बांधलेला दोरा. मजुरी हजारी हिशेबाने. आमच्या वाचकांपैकी अनेकांची वह्या-पुस्तके याच सुपातून आली आहेत.

वरवर पाहता हजारी मजुरी ही काम करण्याची प्रेरणा देणारी पद्धत वाटते : जितके कराल तितके मिळेल. प्रत्यक्षात काय होत असे? वळलेल्या बिड्या कारखान्यात नेल्या की तपासणी होई आणि त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात. छाट बिडीची मजुरी नाही, आणि ती बिडी परतही नाही. छाट किती काढायची हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर. पाने मोजून दिलेली, पण त्यांत फाटकी-किडकी निघाली तर तूट कामगाराने स्वतःच्या पैशाने भरून काढायची. अशा व्यवस्थेत बोटांचा वेग वाढतो. विश्वास मात्र मरतो. चांगली बिडी वळणाऱ्या बाईलाही ठाऊक असते की आपल्या कौशल्याचा निकाल कौशल्यावर लागणार नाही. आणि मजुरी नगावर असल्यामुळे घरातील लहान मुलांचे हातही मोजले जाऊ लागतात. शाळा सुटण्याचे एक कारण हे सूप होते, ही गोष्ट निवासी शाळांचा इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.

या अन्यायाला संघटित उत्तर देणारा पहिल्या पिढीतील एक नेता आपल्याच प्रदेशातला होता. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना आपण ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. त्यांचे बिडी कामगारांमधील कार्य मात्र तेवढे सांगितले जात नाही. १९०४ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने १९३० मध्ये मध्यप्रांत बिडी मजूर संघ स्थापन केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ठेकेदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू केले. कामठी, नागपूर, रामटेक आणि भंडारा या भागांत त्याला चांगला प्रतिसाद मिळाला. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. जानेवारी १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

सहकारी पद्धतीत बदलत काय होते, याचा विचार करावा. सूप तेच, पान तेच, बोटेही तीच. बदलले ते एवढेच की बिडी चांगली की वाईट हे ठरविण्यात आणि मिळालेल्या पैशाची वाटणी करण्यात वळणाऱ्यालाही शब्द मिळाला. काम ‘त्यांचे’ होते ते ‘आपले’ झाले. मन लागण्याची दुसरी पायरी ही आहे : न्याय्य मोजमाप आणि त्या मोजमापात आपला सहभाग.

पुढे स्वतंत्र भारतात बिडी व सिगार कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला. घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही त्याने कामगार म्हणून ओळख दिली आणि छाट काढण्याच्या मनमानीला आळा घालण्याचा प्रयत्न केला. १९७६ च्या कायद्याने बिडी कामगार कल्याण निधी स्थापन झाला. त्या निधीतून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना पालकांना लागणारे बिडी कामगाराचे ओळखपत्र पुष्कळांना आठवत असेल. त्या पत्रामागे अशी एक लढाई उभी आहे.

वरचे दार बंद असले की

सुरक्षा आहे, मजुरी न्याय्य आहे. तेवढ्याने मन लागते काय? बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते; पण विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. त्या काळी धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचे सूत आपल्या तोंडी कसे लावायचे, हे सवर्ण कामगारांचे कारण. विणकाम खात्यातील मजुरी सूतकताई खात्यापेक्षा अधिक होती, म्हणजे विटाळाच्या नावाखाली अधिक मजुरीची कामे राखून ठेवलेली होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. मालकाशी भांडणारा कामगार आपल्याच शेजारच्या कामगाराला दाराबाहेर ठेवत असेल, तर ती एकी कसली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी आणखी एक उदाहरण दिले. रेल्वेत आपली माणसे रुळांच्या देखभालीवर गँगमन म्हणून आयुष्य काढीत. स्टेशनवरच्या हमालाचे साधे कामही त्यांना मिळत नसे. कारण हमालाने स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावीत अशी रीत होती, आणि अस्पृश्य माणूस त्या घरात कसा चालणार? रुळावर उन्हापावसात राबणारा तो गँगमन कितीही कष्टाळू असो, कितीही प्रामाणिक असो, त्याच्या कष्टाला पुढची पायरीच नव्हती. ज्या जिन्याला पायऱ्या नाहीत, त्या जिन्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘तू वर का चढत नाहीस’ असे विचारणे ही क्रूर थट्टा होय.

याचे सैद्धांतिक विवेचन बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात केलेले आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी तयार केलेले आणि न झालेले ते भाषण आपण सामाजिक दृष्टीने वाचतो. त्यात कामाच्या प्रेरणेचेही एक पूर्ण प्रकरण दडलेले आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, तिने समाजात कार्यक्षमता येते, असा युक्तिवाद त्या काळी सुशिक्षित मंडळी करीत. बाबासाहेबांचे उत्तर असे की ही व्यवस्था श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते आणि त्यांची उतरंड लावते. ती माणसाची आवड आणि पात्रता पाहत नाही. आईबापाची जात पाहून काम नेमून देते. धंदे काळानुसार बदलतात, पण माणसाला धंदा बदलण्याची मुभा नसते. काही कामे हलकी ठरवून ठेवलेली असल्यामुळे ती करणाऱ्याला त्या कामाचा तिटकारा येतो आणि ते टाळण्याची इच्छा सतत मनात राहते. ज्या व्यवस्थेत माणसाचे अंतःकरणही कामात नाही आणि बुद्धीही नाही, तिच्यात कार्यक्षमता येणार कोठून, हा त्यांचा प्रश्न आहे.

‘माणूसच कामचुकार आहे’ या आरोपाला इतके नेमके उत्तर आम्हास अन्यत्र आढळले नाही. कामचुकारपणाला बाबासाहेब माणसाचा दोष मानीत नाहीत; नेमून दिलेल्या, हलक्या ठरविलेल्या आणि पुढे वाट नसलेल्या कामाचा तो परिणाम आहे, असे ते दाखवून देतात. मन लागण्याची तिसरी पायरी येथे मिळते : कामाची प्रतिष्ठा आणि पुढे जाण्याची मोकळी वाट.

पाश्चात्त्य देशांतील व्यवस्थापनशास्त्र याच विषयावर पुढे आले. अब्राहम मॅस्लो यांनी माणसाच्या गरजांची मांडणी १९४३ मध्ये केली. भूक आणि सुरक्षितता यांच्या वर त्यांनी आपलेपणा, मानसन्मान आणि स्वतःतील गुणांचा विकास यांना स्थान दिले. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेतन, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या की माणूस असमाधानी होतो. पण त्या केवळ ठीक असल्याने त्याला कामाची ओढ लागत नाही. ओढ लागते ती काम पार पाडल्याचे समाधान, त्याची दखल, जबाबदारी आणि बढती यांमुळे, असे त्यांचे म्हणणे. नोकरीत असलेले आमचे विद्यार्थी प्रशिक्षणात ही नावे ऐकतात. त्यांनी ती अवश्य अभ्यासावीत. त्याच टेबलावर १९३६ चा ग्रंथही ठेवावा, एवढीच आमची सूचना.

सिगालाला दिलेला उपदेश

आता मागे, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजगृहाकडे वळू. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकले असेल. सिगाल नावाचा तरुण गृहस्थ सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करीत असतो. तथागत त्याला सांगतात की दिशांना नमस्कार करायचा तो माणसांशी नीट वागून. आईवडील ही पूर्व दिशा, आचार्य ही दक्षिण, पत्नी ही पश्चिम, मित्र ही उत्तर, श्रमण-ब्राह्मण ही वरची दिशा. आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे.

या खालच्या दिशेप्रती मालकाची पाच कर्तव्ये सुत्तात सांगितली आहेत : शक्ती पाहून काम नेमून द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरी काही विशेष गोडधोड आले तर त्यांनाही वाटा द्यावा, आणि वेळच्या वेळी सुटी द्यावी. असे वागणाऱ्या मालकाप्रती कामगारांचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत : मालकाच्या आधी उठावे, नंतर झोपावे, दिलेलेच घ्यावे, काम चोख करावे आणि त्याचे नाव चांगले राखावे. त्या काळी दासप्रथा होती आणि सुत्तातील शब्दांतही तिची छाया आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लपवू नये. परंतु क्रम पाहावा. मालकाचे कर्तव्य आधी सांगितले आहे. कामगाराचे त्यानंतर येते.

या पाच कर्तव्यांशेजारी आधुनिक भारताचे कामगार कायदे ठेवून पाहिले तर एक विलक्षण संगती दिसते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४५ च्या दुरुस्तीने, कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजा मिळू लागली. ही सुत्तातील वेळच्या वेळी सुटी. १९४६ च्या दुरुस्तीने कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे शक्ती पाहून काम. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. हे अन्न आणि वेतन. आजारपणाच्या शुश्रूषेची तरतूद १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आली, तर विशेष प्राप्तीतील वाटा १९६५ च्या बोनस कायद्याने मिळाला. हे कायदे सुत्त समोर ठेवून लिहिले गेले असा आमचा दावा नाही. ही जुळवणी आमची आहे. तथापि, एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. सुत्तात जे मालकाच्या सद्बुद्धीवर सोपवले होते, ते बाबासाहेबांच्या काळापासून कामगाराचा हक्क म्हणून कागदावर आले. एम्प्रेस मिलमध्ये जे एका मालकाच्या दूरदृष्टीने झाले, त्यासाठी आता दूरदृष्टीच्या मालकाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

आजचा प्रश्न

कायदे झाले, आरक्षणाने दार उघडले. ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून अधिकारी, अभियंते, प्राध्यापक निघाले. तरी आज नोकरीतील तरुण आम्हास भेटतात तेव्हा दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

पहिली तक्रार कंत्राटी नोकरीची. काम कायमचे, माणूस मात्र अकरा महिन्यांचा. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला कितीतरी अधिक वेतन. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा करणे म्हणजे १८८६ च्या मागे जाणे होय. दुसरी तक्रार अधिक खोल जाते. ‘तुम्ही सवलतीवर आलात’ हे वाक्य कधी उघडपणे, कधी हसण्यावारी नेऊन कार्यालयात ऐकवले जाते. चांगले काम केले तर ते अपवाद ठरते आणि एक चूक झाली तर ती साऱ्या समाजाच्या नावावर मांडली जाते. ही बिडीच्या छाटीचीच नवी तऱ्हा आहे. निकाल आधी ठरलेला, तपासणी नंतर. या परिस्थितीतही आपली मुले चोख काम करतात, ते बहुधा एका आंतरिक जाणिवेतून. आपण एकटे येथे आलो नाही, आपल्या मागे पिढ्या उभ्या आहेत, ही ती जाणीव. तिचे मोल कोणत्याही वेतनश्रेणीत मोजता येणार नाही.

परंतु हीच जाणीव आपणच कधी कधी चुकीच्या ठिकाणी वापरतो, हेही या निमित्ताने स्पष्टपणे बोलावयास हवे. समाजाच्या संस्था चालवताना स्वयंपाकीण, पहारेकरी, सफाई करणारी बाई, अल्प मानधनावरील तरुण शिक्षक यांना ‘हे समाजकार्य आहे’ असे सांगून वेतन थकविण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी दिसते. त्याग हा स्वेच्छेने करावयाचा असतो. तो दुसऱ्याच्या पगारपत्रकातून वजा करता येत नाही. चळवळीची ओढ वेतनाला बळ देते, पण वेतनाची जागा घेत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा व्यक्त केली, तिचा आपण नेहमी उल्लेख करतो. शिकलेल्या माणसाने समाजाचे ऋण फेडावे, हे खरेच. त्या फेडीची सुरुवात आपल्या हाताखाली राबणाऱ्या माणसापासून व्हावी, असे आम्हास वाटते.

म्हणून, जे माजी विद्यार्थी आज अधिकाराच्या पदांवर आहेत त्यांच्यासमोर पाच साध्या गोष्टी आम्ही ठेवतो. शिपायाला व सफाई कर्मचाऱ्याला नावाने आणि आदराने हाक मारावी. काम नेमताना त्याची प्रकृती आणि अडचण विचारावी. त्याचे देयक आपल्या टेबलावर एक दिवसही विनाकारण पडू देऊ नये. चूक एकांतात सांगावी, चांगले काम चारचौघांत सांगावे. आणि त्याने पुढची परीक्षा द्यावी, पुढच्या पदावर जावे, यासाठी त्याला रजा व मार्गदर्शन द्यावे. यातली एकही गोष्ट करण्यास वरून मंजुरी लागत नाही. आणि जे स्वतः कर्मचारी आहेत त्यांनी सुत्तातील दुसरी पाच कर्तव्येही विसरू नयेत. हक्काची मागणी करणाऱ्याचे काम चोख असले म्हणजे त्याच्या मागणीला वजन येते, हे बाबू हरदासांच्या काळापासून आपण पाहत आलो आहोत.

शेवटी या स्मरणिकेविषयी एक नम्र सूचना. अशा ग्रंथांत संस्थापकांची, मुख्याध्यापकांची, देणगीदारांची छायाचित्रे असतात, आणि ती असावीतच. परंतु आपल्या वसतिगृहात पहाटे चार वाजता चूल पेटवणाऱ्या, थंडीत रात्रभर फाटकाशी बसणाऱ्या, आजारी मुलाला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या माणसांमुळेही ही शाळा इतकी वर्षे उभी राहिली आहे. त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना माजी विद्यार्थ्यांच्या पुढील मेळाव्यात सन्मानाने बोलवावे. जे आज नाहीत त्यांच्या मुलाबाळांना बोलवावे. आणि पुढच्या स्मरणिकेत एक पान त्यांच्या नावांसाठी, त्यांनी किती वर्षे कोणते काम केले या नोंदीसह, राखून ठेवावे.

जय भीम.